हायस्कूल म्युझिकल स्टेजवर चालतं का? बघितलेल्यांनी, केलेल्यांनी लिहा

धागाकर्ती
भाची डॅलसला सातवीत आहे, तिच्या शाळेने यंदा हेच बसवायला घेतलंय आणि घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो २००६ चा टीव्हीवरचा सिनेमा तो, बास्केटबॉलचा कॅप्टन आणि अभ्यासू मुलगी गाण्याच्या ऑडिशनला जातात एवढीच गोष्ट, क्लोजअप काढून घेतले की उरतं काय. वहिनी म्हणते अहो पण गोष्टच नाटकाच्या ऑडिशनची आहे, ती स्टेजवर नाही चालणार तर कुठे? मला दोघांचंही पटतं, म्हणून धागा. शाळेतलं, कॉलेजातलं, तिकीट काढून बघितलेलं, काहीही चालेल, फक्त ऐकीव नको.

जर्सीकर
आमच्या लेकाने मिडल स्कूलला केलंय, ज्युनिअर व्हर्जन, तासाभराचं. तुफान चालतं!! आणि त्याचं कारण गाणी नाहीतच माझ्या मते. ह्यात खेळाडू, अभ्यासू, स्केटर, नाटकवाले असे गट आहेत त्यामुळे पन्नास पोरं घेतली तरी प्रत्येकाला मी कोण ते माहीत असतं, झाड बनून मागे उभं कोणी राहत नाही. आणि पन्नास पोरं म्हणजे त्यांचे आईबाप, आजीआजोबा, शेजारी, हाउसफुल्ल तिथेच झालं ना. कपडेपट जवळपास घरातलाच, लाल-पांढरं काहीतरी शोधलं की झालं. आमचे चिरंजीव स्केटर होते, वाट्याला एक वाक्य. प्रयोगाच्या हक्कांचा जो करार होता त्यात शूटिंगला परवानगी नव्हती, मग सांगलीच्या आजीला ते वाक्य त्याने फोनवर म्हणून दाखवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली.

तिसरी घंटा
मी नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस, तेव्हा माझं मत जरा कडवट लागेल. २००८ च्या उन्हाळ्यात लंडनला असताना लेकीच्या हट्टापायी हॅमरस्मिथ अपोलोत बघितलं. नाटक म्हणून पातळ. नाटक शिकवणाऱ्या डार्बस बाई तेवढ्या मजेशीर. पण खरा प्रयोग प्रेक्षकांतच चालला होता, दहा-बारा वर्षांच्या पोरींना शब्द न् शब्द पाठ आणि स्टेजवर सीडीपेक्षा जरा वेगळं काही झालं की चुळबुळ. आपल्याकडे वन्स मोअर पडायचा तो गवयाने एखादी नवी जागा घेतली म्हणून, इथे टाळ्या होत्या जसंच्या तसं झालं म्हणून. मग नटाने करायचं काय हो? पैसे वसूल झालेच असतील, ते नाही म्हणत मी.

पडद्यामागचा
काका, ते जसंच्या तसं करणंच तर महाकठीण आहे. पहिल्या सिनेमात ट्रॉयचा, म्हणजे त्या कॅप्टनचा, गाण्यातला आवाज बराचसा ड्र्यू सीली ह्या गायकाचा आहे, ट्रॉय झालेल्या झॅक एफ्रॉनचा थोडा, आणि नंतर कॉन्सर्ट टूर निघाली तेव्हा एफ्रॉन नव्हताच, सीलीच उभा राहिला. स्टेजवर ही सोय कुठून आणणार, एकाच पोराने गायचं, नाचायचं आणि वर बॉलचे टप्पे तालात टाकायचे. पुण्यात एका कॉलेजच्या फेस्टला मी ह्यातल्या एका तुकड्याला साउंड केलाय. स्टेज म्हणजे पोकळ प्लॅटफॉर्म, सहा बॉल एकदम आपटले की नुसता धडधडाट, सगळ्यांच्या माइकमध्ये तोच, ट्रॅक ऐकूच येईना, त्यात घाम जाऊन एक हेडसेट मेला. बॉलमधली हवा कमी करून बघितली तर टप्पा मऊ पडला पण बॉल हातात परत येईना. शेवटी एकाकडेच खरा बॉल आणि बाकीचे नुसते हात हलवणार असं ठरलं, लांबून कळलंही नाही कोणाला. कुणी सहाही बॉल खरे वापरलेत का? कसे?

कोरसमधली
मुंबईत शाळेत असताना केलंय, नाव नको शाळेचं. एक सांगायचंय, स्टेजची संहिता म्हणजे सिनेमाची कॉपी नाहीये. सिनेमात बातमी पसरते ती भराभर कट मारून, स्टेजवर त्याच्यासाठी वेगळं गाणं आहे, सेल्युलर फ्युजन, सगळे फोनवर फोन करतायत. शिवाय शाळेच्या स्पीकरवरून बडबडणारा जॅक स्कॉट नावाचा मुलगा वाढवलाय, तो बोलतोय तोवर मागे जिमचं कॅन्टीन करून घ्यायचं. नाटक बसवणाऱ्याच्या दृष्टीने हुशारी आहे ही. पण गंमत अशी की नवीन गाणं सुरू झालं की हॉलमधली पोरं गप्प, काहीजण तर वडापावला बाहेर, आणि ओळखीचं लागलं की छप्पर उडतंय. आम्ही सगळ्यात जास्त घासलेलं तेच फोनचं गाणं होतं, अजून राग आहे मला.

मिडटाउन
कोरसमधली, +१. मोठ्या स्टेजवर हे तिथेच अडतं असं मला वाटतं. ह्याच्याच दिग्दर्शकाचा, केनी ऑर्टेगाचा, आधीचा सिनेमा होता न्यूजीज, १९९२ चा, सपाटून आपटला होता, आणि तोच २०१२ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि हजारावर प्रयोग झाले! आपटलेल्या सिनेमातलं काही बदललं तर कोणाचं बिघडतं? हायस्कूल म्युझिकलला हात लावायची सोय नाही आणि ब्रॉडवेला ते गेलंही नाही. ग्रीस तर उलटच, ते आधी स्टेजवर, १९७१ ला शिकागोत, सिनेमा नंतर १९७८ ला. मीन गर्ल्स ब्रॉडवेवर मी स्वतः बघितलंय, पण तो २००४ चा सिनेमा गाण्यांचा नव्हताच, गाणी सगळी नाटकासाठी केलेली, त्यामुळे शेजारी बसून गाणारं कोणी नव्हतं आणि विनोद नीट ऐकू आले. टोनी म्हणजे ब्रॉडवेचे पुरस्कार, त्यांची १२ नामांकनं, एकही मिळालं नाही, तरी २०१८ पासून मार्च २०२० ला कोविडने सगळंच बंद पडेपर्यंत चालू होतं.

तिसरी घंटा
मिडटाउन, न्यूजीजचं पटलं. सीडी नसलेली मुलं आणून बसवा म्हणजे माझीही हरकत नाही.

जर्सीकर
पडद्यामागचा, आमच्याकडे सगळे बॉल खरे होते. हॉलचं काम निघालेलं म्हणून प्रयोगच शाळेच्या जिममध्ये केला, प्रेक्षक ब्लीचर्सवर, म्हणजे कोर्टाकडेच्या पायऱ्यांच्या बाकांवर, आणि खाली कोर्टाचं भरीव लाकूड, त्यामुळे तो धडधडाट नाही, उलट टप्प्याचा आवाज असा खणखणीत येत होता की बाईंनी त्या गाण्यातला ड्रमच बंद करून टाकला. पहिले कितीतरी दिवस मात्र बॉलशिवाय, नुसते पायच बसवले होते. दुसऱ्या दिवशीच्या शोला एक बॉल सुटला आणि मुख्याध्यापकांच्या मांडीत जाऊन पडला, त्यांनी तो तिथूनच बास्केटकडे फेकला. गेला नाही आत.