'औषध जिरलं' म्हणजे आत गेलं की निघून गेलं?

पाणकावळा: धरणात पिंजऱ्यांत तिलापिया पाळणाऱ्यांसाठी पत्रक मराठीत करतोय. मी लिहिलं, 'ऑक्सिटेट्रासायक्लिन (प्रतिजैविक) अंगात पूर्ण जिरल्याशिवाय मासे विक्रीला काढू नयेत.' एक पिंजरेवाले भाऊ वाचून म्हणाले, "आज चारलं, उद्या जिरलं, परवा गाडी भरू." मला तर अंगातून नाहीसं होणं म्हणायचं होतं! चूक कुणाची?

तात्या: तुमचीच. जीर्ण, अजीर्ण, जिरणे एकाच कुळातले. पचतं ते जिरतं.

सुगरण: मग खोड जिरते तेव्हा ती पचते का हो तात्या? पाणी जिरतं म्हणजे आत जातं, मस्ती जिरते म्हणजे निघून जाते. दोन्ही बरोबर.

मत्स्यकन्या: माझं शिक्षण याच विषयातलं. दोन क्रियांना दोन शब्द हवेतच. ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या आतड्यातून फार थोडं आत जातं. समुद्राच्या पाण्यात तर कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं, बरंचसं विष्ठेतून तसंच बाहेर. जे आत जातं ते हाडांत, खवल्यांत रेंगाळतं. फ्लोरफेनिकॉल हे दुसरं प्रतिजैविक मात्र सामन माशात जवळजवळ सगळं भिनतं. म्हणून आत जायला 'भिनणे', बाहेर पडायला 'उतरणे'. विष उतरतं तसं.

तात्या: शोषण आणि उत्सर्जन असे नेटके शब्द असताना?

सुगरण: 'माशांचे शोषण' छापा, मोर्चाच निघेल.

पाणकावळा: बरं, औषध दिल्यावर विक्रीआधी थांबायचा काळ, त्या 'विथड्रॉवल पिरियड'ला काय? मी 'माघार काळ' लिहिलंय.

द्राक्षबाग: उमेदवारी अर्ज वाटतो. आमच्याकडे फवारणीनंतर 'काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी' लिहितात. बोलताना सगळे पीएचआयच म्हणतात, ते सोडा.

मत्स्यकन्या: माशांना नुसते दिवस सांगून भागत नाही. थंड रक्ताचा प्राणी, पाणी गार तर औषध सावकाश उतरतं. म्हणून युरोपच्या नियमांत 500 अंश-दिवस, म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस, असा हिशोब येतो. पाणी 10 अंशांवर असेल तर 50 दिवस, 25 वर 20.

तात्या: 'अंश-दिवस' हा काय समास? मध्यमपदलोपी?

पाणकावळा: तात्या, पत्रक सोमवारी छापायला जातंय. 'औषध उतरेपर्यंत थांबा' चालेल?

द्राक्षबाग: आमच्याकडे 'उतरणे' म्हणजे नासणे. भाजी उतरली म्हणतात. मासा उतरला म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल.

सुगरण: उतरली नव्हे, आंबली!

तात्या: आंबते ती डाळ. भाजी विटते.