सोलापुरात वडिलांसाठी नर्सिंग होम बघतोय, नेमकं काय तपासायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आप्पांना (माझे वडील, वय ७४) मागच्या महिन्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आता हॉस्पिटलवाले म्हणतात आमच्याकडून करण्यासारखं झालं, इथून पुढे नर्सिंग आणि फिजिओ, त्यामुळे या आठवड्यात डिस्चार्ज मिळेल. नाकात नळी आहे, युरिन बॅग आहे, शुगर जुनीच, इन्शुलिन चालू.

घरची परिस्थिती अशी की आई सत्तरीची, गुडघ्यांनी आधीच बेजार, तिला आप्पांना कुशीवर वळवणं शक्यच नाही. भावाचं चाटी गल्लीत दुकान, वहिनी शाळेत, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मी पुण्यात, शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने येते नि रविवारी परत. ब्यूरोकडून दिवसाची बाई मिळते पण रात्रीचं कोणी टिकत नाही, एकदा टिकली तर तिला नळीतून भरवता येत नव्हतं. म्हणून निदान तीनचार महिने तरी कुठेतरी ठेवायचं असं ठरलंय, आणि त्यावरून घरात जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

दोन ठिकाणं बघितली, नावं मुद्दाम देत नाही. पहिलं होटगी रोडकडचं, नवीन बिल्डिंग, एसी, रिसेप्शनला फुलदाणी, फरशी अशी की चप्पल घालून जायला लाज वाटावी. मॅनेजरने टॅबवर फोटो दाखवले, वाढदिवस, गणपती, योगा वगैरे. पण आम्ही दुपारी साडेचारला गेलो तर झाडून सगळे पेशंट झोपलेले. एका आजोबांचा हात बँडेजने कॉटच्या दांडीला बांधलेला होता, विचारलं तर म्हणे नळी ओढतात. असेलही, पण सगळेच झोपलेले ते काही मला पटलं नाही.

दुसरं पेठेतलं, एका वयस्कर डॉक्टरांचं जुनं नर्सिंग होम, पूर्वी तिथे बाळंतपणं व्हायची, आता खालचा मजला असल्या पेशंटसाठी ठेवलाय आणि डॉक्टर वरच राहतात. भिंतीचे पोपडे निघालेत, फिनेलचा वास, पंखा कुरकुरतो. तिथे एक आजी मावशींवर ओरडत होत्या आणि मावशी पण त्यांना तेवढ्याच जोरात कन्नडमध्ये सुनावत होत्या, आणि ते करता करता चमच्याने पेज भरवत होत्या. आजींचे केस विंचरलेले, नखं कापलेली. आप्पा आजारपणानंतर जे दोनचार शब्द बोलतात ते कन्नडच असतात, त्यामुळे मला ते ठिकाण बरं वाटलं, पण भाऊ म्हणतो तू भावनेच्या भरात बघतेस, तिथे साधी लिफ्ट नाही (तळमजल्याला लिफ्ट कशाला हवीय हे त्याला मी विचारलं). पैशात फारसा फरक नाही, डायपर आणि औषधं दोन्हीकडे वेगळी.

तर प्रश्न असा की माझ्यासारख्या मेडिकलमधलं काही न कळणाऱ्या माणसाने बघायचं काय? कागद कुठले मागायचे? आणि स्टाफला काय विचारलं की खरं बाहेर येतं? सोलापुरातल्या कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

निवृत्तसिस्टर: ताई, मी सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे आयुष्य काढलंय, म्हणून सांगते. दिवसा जाऊन निम्मंच कळतं. रात्री साडेदहा-अकराला जा, आधी फोन करू नका, पेशंट बघायला आलोय म्हणा. किती पेशंटमागे किती माणसं आणि त्यातली शिकलेली किती ते डोळ्यांनी मोजा. दिवसा "सिस्टर सिस्टर" म्हणत फिरणाऱ्या सगळ्या सिस्टर नसतात, पांढरा कोट कुणालाही घालता येतो. जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंद असलेली एक तरी बाई रात्री जागी पाहिजे. मावशी कितीही मायाळू असू द्या, इन्शुलिन तिने द्यायचं नाही.

मग तिला सहज विचारा, रात्री दोनला ह्यांची शुगर पंचावन्न, म्हणजे फारच कमी आली तर काय कराल? "डॉक्टरांना फोन करू" एवढंच म्हणाली तर उठून या. नळीवाला पेशंट असेल तर लगेच नळीतून साखरपाणी, शुद्धीत नसेल तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज), पंधरा मिनिटांनी परत शुगर, आणि हे करता करता फोन, असं तिच्या तोंडून पटापटा यायला पाहिजे. डेक्स्ट्रोजच्या बाटल्या कुठं ठेवल्यात दाखवा म्हणा. हुडकत बसली तर समजा.

कूस दर दोन तासांनी बदलायची असते. त्याचा चार्ट कॉटला लावलेला असतो, तो वाचा. सगळ्या वेळा एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, सकाळपर्यंतच्या आधीच भरून ठेवलेल्या दिसल्या की ओळखा. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होतो तो माकडहाडावर, टाचेला, खुब्याला. तुमच्या आप्पांना ॲडमिट करताना पाठ, टाचा सगळं उघडून त्यांच्यासमोर बघा, फोटो काढा आणि आत्ता कुठं लाल आहे ते फाइलमध्ये लिहून घ्या. नाहीतर महिन्याने जखम झाली की "येतानाच होती" हे ऐकायला मिळतं. एअर बेड असला तरी कूस बदलायचीच, एअर बेड आहे म्हणून वळवत नाहीत अशी पण ठिकाणं बघितलीत.

भरवण्याच्या वेळेला पण एकदा जा. डोक्याकडची बाजू चांगली उचललेली पाहिजे, तीस-पंचेचाळीस अंश, आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच. आडवं ठेवून भरवलं तर ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. असले पेशंट झटक्यापेक्षा त्यानेच जास्त दगावताना मी पाहिलेत.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. नाकातली नळी स्टाफला सोयीची असते. तोंडाने भरवायला एका पेशंटला पाऊण तास लागतो, नळीतून पाच मिनिटात काम होतं. म्हणून ती काढायची घाई कुणालाच नसते. गिळता येतंय का हे कोण तपासणार, कधी तपासणार, हे पहिल्या दिवशी विचारून ठेवा. युरिन बॅगचं पण तसंच, गरज संपली की नळी निघायला पाहिजे, ठेवली तितकं इन्फेक्शन वाढतं.

तुम्ही ती पेज भरवणारी मावशी सांगितली ना, ते मला आवडलं. पण तिची ड्युटी संपल्यावर कोण असतं ते बघा.

संस्कारी_सोलापूरकर: ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्यांना असं बाहेर ठेवायचं? आमच्या आईला आम्ही घरीच बघितलं. असो, ज्याचा त्याचा प्रश्न.

भाकरीचटणी: @संस्कारी, बघितलं कुणी, तुम्ही का तुमच्या बायकोने? ते पण लिहा की.

धागाकर्ती: भांडू नका प्लीज. सिस्टर, तुमचं सगळं प्रिंट काढून भावाला दिलंय. हात बांधण्याबद्दल पण सांगाल का?

निवृत्तसिस्टर: कधीमधी लागतं, खोटं कशाला बोलू. पण आधी हातमोजा घालून बघतात, नळी नीट चिकटवतात, जवळ माणूस बसवतात. बांधायचंच झालं तर डॉक्टरांनी लिहिलेलं पाहिजे, घरच्यांना सांगितलेलं पाहिजे, आणि मधेमधे सोडून हात बघितला पाहिजे. आणि साडेचारला सगळे गाढ झोपलेले असतील तर औषधांचा चार्ट मागा, झोपेची गोळी कुणाला आणि का चालू आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत आम्हाला विचारल्याशिवाय झोपेचं औषध सुरू करायचं नाही हे लेखी द्या.

पाईपवाला: मी फायरच्या कामात आहे, इमारती बघणं हाच धंदा. ताई, भावाला सांगा तळमजला हा तोटा नाही, झोपून असलेल्या पेशंटसाठी त्याच्यासारखी दुसरी सोय नाही. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही, मग वरच्या मजल्यावरून न हलणारी माणसं उतरवणार कोण, रात्रीच्या दोन बायका? २०२१ एकाच वर्षात आपल्या राज्यात जानेवारीत भंडारा, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये नगर, तिन्ही ठिकाणी दवाखान्यातच आग लागली आणि जे मेले ते स्वतःहून उठून पळू न शकणारे होते, भंडाऱ्यात तर दहा तान्ही बाळं.

मागायचा कागद म्हणजे बी फॉर्म. २००६ च्या फायरच्या कायद्यात दरवर्षी जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. शेवटचा दाखवा म्हणायचं. पण कागदावर जाऊ नका. मागचं दार आहे का, आणि ते उघडून दाखवा म्हणा. निम्म्या ठिकाणी त्याला कुलूप असतं आणि किल्ली मालकाच्या घरी, किंवा दारामागे मोडक्या खाटा नि सलाईनचे स्टँड रचलेले. खिडक्यांना फिक्स जाळी आहे का. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेत का, आणि त्याच्या शेजारी देवाची समई तर नाही ना. हसू नका, बघितलंय. ते एसीवालं ठिकाण सगळं बंद काचांचं असेल तर धूर जायला जागा कुठंय ते विचारा. आणि जुन्या ठिकाणचं वायरिंग, ते मात्र नक्की तपासा, पोपडे निघालेल्या भिंतीत ओल असते.

भाकरीचटणी: ह्यात पाण्याचं कुणीच बोलूलाले नाही. आपल्या गावात पाणी रोज येतंय व्हय? टाकी केवढी आणि टँकर कुणाचा ते विचारा ताई. पाणी नसलं की पहिलं पेशंटचं अंग पुसणं बंद होतंय, मग चादर बदलणं. माझ्या चुलत्याच्या वेळेला हे बघितलंय. आणि एप्रिल-मे मध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय काय चालतंय ते बी बघा, एअर बेडला आणि कफ ओढायच्या सक्शन मशीनला लाइट लागते.

कायद्याचंबोला: कागदांचं मी सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे. आजारी किंवा विकल माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्यात येते, दारावर केअर सेंटर लिहा नाहीतर आनंदधाम लिहा. नुसता वृद्धाश्रम असेल, जिथे उपचार नाहीत, तर तो ह्यात येत नाही, आणि गोची तिथेच आहे, कारण काहीजण वृद्धाश्रम म्हणून चालवतात आणि आत नळ्यावाले पेशंट ठेवतात. नोंदणीचं सर्टिफिकेट दर्शनी भागात लावलेलं पाहिजे, ते तीन वर्षांचं असतं, त्यावर तारीख आणि बेडची संख्या वाचा आणि आत खाटा मोजा. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. २०२१ मध्ये नियम सुधारलेत, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायला हवं.

करारात तीन गोष्टी बघा. डिपॉझिट परत कधी आणि काय कापून. तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला, कुणाच्या गाडीने, किती वेळात, आणि बरोबर कोण जाणार (१०८ आहेच, पण ती येईपर्यंत कोण काय करणार). आणि भेटायची वेळ. फक्त रविवारी चार ते सहा असं छापलेलं असेल तर मी तरी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही. केसपेपरची प्रत मागितली की डॉक्टरने बहात्तर तासांत द्यायची असते, तेव्हा "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे ऐकून घेऊ नका. काही गैर दिसलं आणि कुणाशी बोलावं कळेना तर ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते. शनिवारी रात्री भाऊ आणि मी दोन्हीकडे न सांगता गेलो. नव्या ठिकाणी वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं, सकाळी अपॉइंटमेंट घेऊन या म्हणे, मॅनेजरला फोन लावला तर त्यांनी उचलला नाही. पेठेतल्या ठिकाणी एक एएनएम सिस्टर आणि एक मावशी, दोघी जाग्या होत्या. साखरेचा प्रश्न विचारला तर सिस्टर आधी चिडल्याच, तुम्ही काय माझी परीक्षा घेताय का म्हणाल्या, पण ड्रॉवर उघडून बाटल्या दाखवल्या आणि उत्तरही बरोबर दिलं. डॉक्टर बनियनवरच खाली आले. कूस बदलायचा चार्ट मात्र नव्हता, वहीत लिहितात आणि दुपारच्या दोन वेळा कोऱ्याच होत्या. मागच्या दाराशी खाटा रचलेल्याच निघाल्या, पाईपवाले दादा, तुम्ही द्रष्टे आहात. त्या हलवल्याशिवाय ॲडमिट करणार नाही असं भावाने तोंडावर सांगितलं, डॉक्टर म्हणाले उद्याच हलवतो.

अडचण एकच, भिंतीवरच्या सर्टिफिकेटची मुदत मार्चमध्येच संपलीय. रिन्यूअलला टाकलंय म्हणतात.

कायद्याचंबोला: टाकलं असेल तर अर्जाची पोच असणार, तिचा फोटो मागा. आणि भावाला महापालिकेत जाऊन तो अर्ज कुठे अडकलाय ते विचारू द्या. फायरच्या कागदावर अडकला असेल तर जास्त काळजीचं, कारण मग वायरिंगचा प्रश्न परत येतो.

निवृत्तसिस्टर: वहीत दोन वेळा कोऱ्या सोडल्या हे मला वाईट नाही वाटत, खोट्या भरल्या नाहीत. पण त्या दोन वेळांना कूस बदलली होती का हे विचारायचं राहिलं बघा तुमचं. दुपारी दोन ते चार ड्युटी बदलते, तेव्हाच चुकतं. आईंना रोज त्या वेळेला तिथे जाऊन बसायला सांगा, त्यांना काही उचलायला लागणार नाही, नुसतं बसलं तरी स्टाफ हलतो.

धागाकर्ती: आई आनंदाने जाईल, तिला तेच हवं होतं. भाऊ सोमवारी महापालिकेत जातोय, हॉस्पिटलकडून डिस्चार्ज दोन दिवस पुढे ढकलून घेतलाय. आता एकच विचारायचंय, गिळण्याची तपासणी करायला बाहेर येऊन बघणाऱ्या स्पीच थेरपिस्ट सोलापुरात कुणाच्या माहितीत असतील, शक्यतो कन्नड कळणाऱ्या, तर प्लीज व्यनि करा.