अनुभव धागा : पाऊस कोणत्या आठवड्यात हुकला?

इंदूरच्या आसपास ज्या मराठी कुटुंबांची अजून थोडीबहुत शेती आहे, त्यांनी आपला हिशेब येथे मांडावा ही विनंती. वर्षाचा एकूण पाऊस सांगू नये. तो कोणत्या आठवड्यात हुकला आणि हातात काय उरले, ते लिहावे.

सांवेर, नऊ बिघे कोरडवाहू
२०२३ च्या जुलैत आमचे सोयाबीन गुडघाभर झाले होते. ऑगस्ट मात्र कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरावा इतका; ऐन शेंगा धरण्याच्या दिवसांत काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि फुले गळून सरीत पडली. सप्टेंबरच्या मध्यावर एवढा पाऊस कोसळला की वावरात पाणी साचले, पण फुले तर कधीच गळून गेली होती. एरवी बिघ्याला दोन-अडीच क्विंटल होणारे सोयाबीन सव्वा क्विंटलवर आले. बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च आधीच झालेला होता, त्यामुळे अर्धे पीक म्हणजे अर्धे उत्पन्न नव्हे. आमच्या हाती जवळजवळ काहीच राहिले नाही.

त्याच पावसाबद्दल, नाल्याकाठचे शेत
आमचे उभे पीक बुडाले. विम्याचा २ टक्के हप्ता भरलेला होता, पण असे नुकसान ७२ तासांत कळवावे लागते, हे मला चौथ्या दिवशी समजले. भरपाई नंतर पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांच्या, सरासरी उत्पादनावर ठरते म्हणाले, आणि वरच्या अंगाची शेते तगलेली असल्याने ती सरासरी चांगली निघाली. ही गोष्ट पेरणीच्या वेळीच कोणी समजावून सांगायला हवी होती.

देपालपूर, गहू
२०२२ च्या मार्चमधल्या उन्हाने उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा चिकातच सुकला. ओंबी तळहातावर चोळली तर कोंडाच अधिक निघे. भाव हमीभावाच्या, म्हणजे २,०१५ रुपयांच्या वर होता, म्हणून निभावले.

महू, बटाईची शेती
२०२४ मध्ये आमच्याकडे सोयाबीन चांगले आले. हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण सरकारी खरेदी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होणार होती आणि आदल्या वर्षीची उसनवारी दसऱ्याआधी फेडायची होती. ओलाव्याची कपात सोसून आम्ही माल मंडीत त्याहून कमी दराने दिला.