हात वर करून प्रार्थना म्हटली की झालं का तारण?

प्रश्न: ख्रिस्ती प्रचाराच्या सभेत सांगतात डोळे मिटा, हात वर करा, माझ्यामागे म्हणा, आणि लगेच तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं. पण प्रेषितांची कृत्ये 2:38 मध्ये येशूचा शिष्य पेत्र म्हणतो पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा (पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा) घ्या. मग हे हात वर करणं बायबलमध्ये कुठंय?

उत्तर: असं कुठेच नाहीये. लोकांना पुढे बोलावून बसवायची पद्धत अमेरिकेत चार्ल्स फिनी या प्रचारकाने 1830 च्या सुमारास गाजवली, नंतर प्रचारक बिली ग्रॅहमच्या सभांमुळे जगभर गेली. येशू तर लूक 14 मध्ये म्हणतो बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब कर, म्हणजे माझ्यामागे यायच्या आधी नीट विचार कर.

उत्तर: पटलं, पण वेळ लागलाच पाहिजे असंही नाही ना दादा, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याच रात्री घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला, फक्त त्याने तुरुंगात असलेल्या पौल आणि सीला या प्रचारकांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं, म्हणजे बदल तिथल्या तिथे दिसला.

उत्तर: पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये, पण त्यांनी स्वतःच लिहिलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी भेटला. म्हणून मला अशा सभांचे रिपोर्ट फार खटकतात, किती हात वर झाले ते लिहितात पण नंतर त्या माणसाच्या घरी कोण गेलं, त्याला बायबलचं वचन कोणी शिकवलं, हे कुणीच लिहीत नाही.