विषय: शनिवारी आधी गुढी की आधी मॅच?

कार्यवाह, सोमवार १ एप्रिल २०२४

मंडळी, नमस्कार.

पाडवा मंगळवारी ९ तारखेला असला तरी हॉल आपल्याला शनिवारीच मिळतो, त्यामुळे ६ तारखेला ५ वाजता गुढी, ६ वाजता एकांकिका आणि ८ वाजता जेवण असं पत्रकात छापलं होतं. काल बास्केटबॉलमध्ये आपल्या राल्याच्या एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट) विद्यापीठाच्या पोरांनी शेजारच्या ड्यूक विद्यापीठाला ७६-६४ हरवलं आणि तेव्हापासून माझा फोन थांबलेला नाही. फायनल फोरची, म्हणजे देशातल्या कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीची, त्यांची मॅच ॲरिझोनात नेमकी शनिवारी सहाच्या सुमारास आहे. एकांकिकेतला नायक स्वतःच स्टेटचा आहे. "मी स्टेजवर असेन, पण मन ॲरिझोनात असेल," असं त्याने आत्ताच कळवून टाकलंय.

काय करायचं ते सांगा. श्रीखंडाची ऑर्डर गेली आहे, ती बदलणार नाही.

नाना, केरी. १ एप्रिल

मी वयाने मोठा आहे म्हणून नव्हे, पण एकांकिका पुढे ढकला. अशी संधी मी इथे ४१ वर्षांपूर्वी पाहिली होती. नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा.

व्हीजेटीआयमधून टेक्स्टाईल करून १९८२च्या ऑगस्टमध्ये मी राले विमानतळावर उतरलो. टेक्स्टाईलवाल्यांची स्टेट म्हणजे पंढरीच. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, आणि मी निघालो तेव्हा संपाला सात महिने झाले होते. इथे माझ्या असिस्टंटशिपमधून मी महिन्याला थोडे डॉलर वाचवून घरी पाठवायचो. बास्केटबॉलशी माझा संबंध शून्य. आम्ही चाळीत कबड्डी आणि पावसाळ्यात कॅरम खेळणारी माणसं.

डिसेंबरात रूममेट मला स्टेटच्या बास्केटबॉलच्या मैदानावर, रेनॉल्ड्स कोलिझियमला, ओढून घेऊन गेला. बारा हजारांवर माणसं एका विटांच्या पेटाऱ्यात कोंबलेली, आणि छताला टांगलेला एक नॉईज मीटर. आरडाओरडा वाढला की त्याचे दिवे एकेक करून वर चढायचे. सगळ्यात वरचा दिवा लागावा म्हणून लोक बेंबीच्या देठापासून ओरडत. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मला एकदम वडिलांचं साचेखातं आठवलं. लहानपणी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा ऐकलेला तोच आवाज, पोटात शिरणारा. तिथे माणसं ओठ वाचून बोलतात. रेनॉल्ड्समध्येही शेजारच्याचं बोलणं मला ओठांवरून कळलं, इंग्रजी असून. मुंबईत ते साचे जानेवारीपासून बंद पडलेले होते, आणि तो आवाज मला सापडला तो राल्यात.

त्यानंतर मी तिकिटांसाठी रेनॉल्ड्सबाहेर थंडीत झोपलोय. टेक्स्टाईलच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या वाया गेलेल्या कापडाचं पांघरूण करून. ऊब शून्य, पण विणकाम उत्तम होतं.

ताई, चॅपल हिल. १ एप्रिल

नाना, पंढरीबिंढरी ठीक आहे, पण १९८२ साली जॉर्डनने शेवटचा शॉट मारून जॉर्जटाऊनला ६३-६२ हरवलं ते आमच्या कॅरोलायनाने, चॅपल हिलच्या विद्यापीठाने. तुम्ही उतरलात तेव्हा गाव आमच्या रंगाचं, आकाशी निळं होतं, तुमचं लाल नव्हे.

तरीही एकांकिका पुढे ढकला. आमच्या घरात सध्या सुतकच आहे. मी कॅरोलायनाची, लेक ड्यूकची. यंदाच्या एसीसी (आपल्या भागातल्या कॉलेजांची लीग) फायनलमध्ये स्टेटने आम्हाला ८४-७६ हरवलं, आणि काल लेकीचा नंबर लागला. जावई स्टेटचा. तो काल जेवताना काही बोलला नाही, नुसता हसत होता, आणि तेच जास्त लागलं.

अण्णा, मॉरिसव्हिल. २ एप्रिल

नाना, तो नॉईज मीटर आवाजाने चालत नव्हता, एक माणूस बसून बटणं दाबायचा, असं मी इथे कितीदा ऐकलंय. तुमची भक्ती मोडायची इच्छा नाही, पण इंजिनिअर आहे, राहवत नाही.

मी आरटीपीत (इथल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये) नोकरीला आलो १९९६मध्ये. रेनॉल्ड्सची शेवटची दोन-तीन वर्षं मिळाली. १९९९मध्ये पुरुषांचा संघ फेअरग्राउंडजवळच्या मोठ्या अरीनात गेला. खुर्च्या मऊ, पार्किंग ऐसपैस, स्क्रीन भिंतीएवढा. पण रेनॉल्ड्समध्ये विद्यार्थी कोर्टाला चिकटून उभे असायचे. परक्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की त्याला त्यांचे श्वास लागत असतील. नव्या ठिकाणी तो धाक गेला. सभागृहात जेवण ठेवलं की पंगतीची मजा जाते, तसं.

नाना. २ एप्रिल

अण्णा, गोंधळात अंगात आलेल्या माणसाला थर्मामीटर लावतोस का?

बटण दाबणारा माणूस असेलही. एव्हरेट केस नावाच्या प्रशिक्षकाने तो मीटर लावून घेतला होता, आणि तो मोठा खेळिया माणूस. इंडियानाहून आला. स्पर्धा जिंकल्यावर शिडीवर चढून जाळी कापायची जी पद्धत आज सगळी अमेरिका पाळते, तीही कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यानेच रुजवली. त्याला लोकांना ओरडायला लावायचं होतं, मोजायचं नव्हतं.

आता १९८३. स्टेटच्या डेरेक व्हिटनबर्गच्या पायाचं हाड जानेवारीत व्हर्जिनियाविरुद्ध मोडलं आणि सगळ्यांनी सीझन संपला म्हणून सांगितलं. तो मार्चपर्यंत परतला. एनसीएएत, म्हणजे देशपातळीच्या स्पर्धेत, जायचं तर एसीसी स्पर्धा जिंकणं भाग होतं, आणि वाटेत कॅरोलायनाचा जॉर्डन (ताई, ऐकतेस ना?) आणि व्हर्जिनियाचा सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. दोघांनाही हरवलं. मग एनसीएएत पेपरडाइनला दोन ओव्हरटाइममध्ये ६९-६७, मग यूएनएलव्हीला ७१-७०, व्हर्जिनियाला पुन्हा ६३-६२. स्टेटचा संघ म्हणजे 'वुल्फपॅक', लांडग्यांचा कळप; लोक त्या वर्षीच्या संघाला 'कार्डिॲक पॅक', काळजाचे ठोके चुकवणारा कळप, म्हणायचे. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना मुद्दाम फाऊल करायचे, ते फ्री थ्रो चुकवतील या आशेवर. शेंडी तुटो वा पारंबी, असा सगळा कारभार.

४ एप्रिलला अल्बुकर्कीला फायनल. समोर ह्यूस्टन, त्यात ओलाजुवान आणि ड्रेक्सलर. एव्हेंट फेरी रोडवरच्या आमच्या खोलीत चौदा पोरं आणि एक पोर्टेबल टीव्ही. ५२-५२. शेवटचे काही सेकंद. व्हिटनबर्गने तीस फुटांवरून चेंडू भिरकावला आणि तो रिंगपर्यंतही पोचला नाही. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. म्हणजे जे पाहायचं होतं ते मी पाहिलंच नाही! वर पाहिलं तेव्हा आमच्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच तो चेंडू झेलून आत कोंबला होता. ५४-५२. आणि प्रशिक्षक जिम वाल्वानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावत होता.

आम्ही चपला न घालता हिल्सबरो स्ट्रीटवर. कॅम्पसमधल्या ब्रिकयार्ड चौकात शेकोट्या पेटल्या होत्या. बेलटॉवर लाल. (तेव्हा त्या टॉवरमध्ये खरी घंटा एकही नव्हती. त्या २०२१मध्ये बसवल्या. नाव मात्र पहिल्यापासून घंटेचं.)

रात्री तीनला मी धाकट्या भावाला एरोग्राम लिहिलं. निळ्या कागदाच्या तिन्ही घड्या भरून. त्याचं उत्तर आलं जुलैत. "तुझ्या लांडग्यांचं राहू दे. इथे कपिलने वर्ल्ड कप आणला. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर अख्खी चाळ होती. बाबा पण होते. संप सुरू झाल्यापासून एवढा आवाज आपल्या चाळीत झाला नव्हता." लॉर्ड्सची बातमी मला त्या पत्रातून कळली, दोन आठवड्यांनी.

भावाला माझी मॅच कळली नाही, मला त्याची दिसली नाही. वडील गिरणीत परत गेलेच नाहीत.

माई, राले. ३ एप्रिल

सगळे पुरुषांच्याच संघाबद्दल. ३१ तारखेला त्याच दिवशी बायकांचा संघही फायनल फोरमध्ये गेला हो! टेक्सासला ७६-६६. आणि पोर्टलंडच्या कोर्टवर दोन्ही बाजूंच्या तीन पॉइंटच्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर आखलेल्या, हे मॅचच्या तोंडावर लक्षात आलं. तरी पोरी खेळल्या. कोणी तरी रांगोळी काढताना दोरी धरली नसावी.

मी गेली वीस वर्षं रेनॉल्ड्सला बायकांच्या मॅचला जाते. प्रशिक्षक के यो यांच्या वेळेपासून. १९७५ पासून त्यांनी हा संघ सांभाळला, कॅन्सर असताना बाकावर बसून राहिल्या, आणि जानेवारी २००९मध्ये गेल्या. आता तिथल्या कोर्टला त्यांचं नाव आहे. नवं रेनॉल्ड्स साडेपाच हजारांचं आहे, आणि आवाज तेवढाच होतो. अण्णा, कधी तरी या. पार्किंगची रड सांगू नका.

आमची मॅच शुक्रवारी आहे. त्यासाठी कुठलाही कार्यक्रम हलवायला कोणी सुचवलं नाही याची नोंद घ्यावी.

(नाव नाही), ३ एप्रिल

मी स्टेटला मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. एसीसी स्पर्धेत वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच मॅच जिंकले ते सगळं मी लॅबमध्ये फोनवर पाहिलं. व्हर्जिनियाविरुद्ध ओकॉनेलचा तीन पॉइंटर बोर्डाला लागून रिंगवर फिरून आत गेला तेव्हा माझ्या हातातला बीकर गेला. शनिवारी हॉलमध्ये मोठा स्क्रीन लावणार असाल तर आम्ही नऊ जण येतो. जेवायला पण येतो.

कार्यवाह, ४ एप्रिल

ठरलं. ४ वाजता गुढी, ५ वाजता जेवण, ६ वाजता स्क्रीन. एकांकिका २० तारखेला. माईंना: शुक्रवारी मी स्वतः तुमच्याकडे मॅच बघायला येतो, चहा ठेवा.

ताई, ७ एप्रिल

पर्ड्यू ६३, स्टेट ५०. माईंच्या पोरीही शुक्रवारी साऊथ कॅरोलायनाकडून हरल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत हे सगळ्यांनी पाहिलंय. स्टेटचा डी.जे. बर्न्स बाहेर बसला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, एवढा मोठा देह आणि एवढे हलके पाय मी पाहिले नव्हते. जावयासाठी श्रीखंड बांधून नेलं.

हॉलमध्ये खुर्चीखाली कोणाचं तरी कानाचं मशीन सापडलं आहे. माझ्याकडे आहे.

नाना, ७ एप्रिल

माझं. मीच काढून ठेवलं होतं, हरायला लागले तेव्हा नव्हे, पहिल्या दहा मिनिटांत. ती नऊ पोरं शेजारी होती. मशीन असलं की सगळा आवाज चिरका होऊन येतो, काढलं की पोटात येतो.

बुधवारी लायब्ररीत भेटू, तिथे घेतो. अण्णाला सांग, मीटरची गरज पडली नाही.