शब्दचर्चा : यकृताची ‘धमनी’ की ‘रोहिणी’, आणि ती ‘जोडायची’ की ‘सांधायची’?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी वाचकांसाठी यकृत प्रत्यारोपणाची माहितीपुस्तिका लिहीत आहे. नव्या यकृताला रक्त पोचवणारी ती ‘धमनी’ की ‘रोहिणी’? ‘अ‍ॅनास्टोमोसिस’ला, म्हणजे दोन रक्तवाहिन्यांची तोंडे एकमेकांना शिवण्याला, ‘जोड’ आणि ‘कॅरल पॅच’ला ‘ठिगळ’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : अन्यत्र ‘धमनी’ खुशाल वापरावी, परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीकडे माझे मत ‘रोहिणी’ला आहे. कन्नडमध्ये हृदयाकडून रक्त नेणारी ती अपधमनी आणि हृदयाकडे आणणारी ती अभिधमनी. त्यामुळे ज्या घरातली मुले कन्नड माध्यमात शिकतात, तिथे नुसती ‘धमनी’ म्हटल्यावर यांपैकी कोणती, हा प्रश्न उरतोच. (शिवाय ‘अप’ हा उपसर्ग मराठी कानाला अपयश, अपमान यांचीच आठवण देतो.) मराठी विश्वकोशातील रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी) आणि नीला (हृदयाकडे आणणारी) या जोडीत असा गोंधळ नाही. यकृताच्या बाबतीत तो परवडणाराही नाही, कारण यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के पोर्टल नीलेतून (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या वाहिनीतून) येत असले, तरी पित्तनलिका प्रामुख्याने रोहिणीच्याच रक्तावर जगतात, आणि शस्त्रक्रियेनंतर ती गुठळीने बंद पडली तर नवे यकृतच गमावण्याची वेळ येऊ शकते.

‘जोड’ चूक नाही, पण तो नळालाही असतो. बेळगावातल्या शहापूर-वडगावचा विणकर तुटलेला धागा सांधतो, त्या क्रियापदात हाताचे कसब आहे. जिवंत दात्याच्या यकृताची रोहिणी पुष्कळदा अवघी २-३ मिलिमीटर रुंद असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली, केसासारख्या बारीक धाग्याने, आतल्या अस्तराला आतले अस्तर भिडेल आणि पीळ पडणार नाही अशी शिवावी लागते. याला मी ‘सांधणे’च म्हणेन.

‘ठिगळ’ मात्र नको. ठिगळ फाटक्यावर बाहेरून लावतात. कॅरल पॅचमध्ये मृत दात्याच्या रोहिणीच्या मुखाभोवती महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीच्या) भिंतीचा थोडा भाग राखून ती कापतात, म्हणजे सांधायला रुंद तोंड मिळते. लुगड्याच्या अंगाबरोबरच विणलेला असतो तो ‘काठ’. तोच शब्द इथे नेमका बसतो. रक्तवाहिन्या सांधण्याच्या तंत्रासाठी १९१२ चे नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सिस कॅरल यांचे नाव ठेवून ‘कॅरल काठ’ म्हणावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रुग्णाची स्वतःची रोहिणी निकामी असल्यास दात्याच्या इलियाक रोहिणीचा (ओटीपोटातल्या रोहिणीचा) तुकडा महारोहिणी आणि नवे यकृत यांच्यामध्ये बसवतात, त्याला काय म्हणावे?

उत्तर : तिथे आपला ‘जोड’ परत घ्यावा : ‘जोडवाहिनी’.