कास, 150 रुपये आणि न दिसलेली कमळं

तेरडा_सातारी
काल इथे कुणीतरी लिहिलंय: "साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघून आलो. माणशी 150 रुपये, घाटात दोन तास गाड्यांची रांग, फुलं नखाएवढी. तलावात कमळं असतात म्हणे, एक दिसलं नाही. पैसे घेता तर काहीतरी दाखवा." वाचता वाचता चहा गार झाला माझा.

दादा, तुम्ही गेलात तो कास तलाव. त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं साताऱ्यात येतं आणि आम्ही ते पितो. कुमुदिनीचं तळं वेगळं, इवलंसं. पठारावरच राजमार्ग नावाच्या जुन्या वाटेनं दोनेक किलोमीटर पायी जावं लागतं. तिथं तरी कमळं कुठली? पांढरी छोटी फुलं, पाकळ्यांना लोकरीसारखी झालर.

राहिलं नखाएवढं. खाली जांभा, वर वीतभरसुद्धा माती नाही, पावसाळाभर पाणी साचलेलं. अशा जमिनीत पोटाला काय मिळणार? म्हणून सीतेची आसवं नावाची इवली झाडं मुळांच्या जागी बारीक पिशव्या ठेवून किडे धरतात. ती जांभळी-निळी टिकली बघायला कडेला उकिडवं बसावं लागतं. लोक बसतातही, पण थेट फुलांच्या मधोमध, फोटोला. मागच्या सप्टेंबरात गेंदांच्या ताटव्यात बुटाचा एक ठसा बघितला. टाचेच्या खड्ड्यात गढूळ पाणी आणि त्यात तीन पांढरी बोंडं आडवी. 150 कमी आहेत, 500 करा.

शनिवारचा_भटक्या
तो "कुणीतरी" मीच. तलावाची चूक मान्य. पण एवढ्या पैशात एक धड पाटी लावता येत नाही का? आईचे गुडघे गेलेत, ती दोन किलोमीटर कशी चालणार? आणि "आम्ही पितो" म्हणजे काय, तलाव सातबाऱ्यावर लावून घेतलाय का? 500 करा म्हणे. म्हणजे निसर्ग फक्त पगारदारांचा.

लेन्स_आणि_लाल_डबा
पाट्यांचं निघालंच आहे तर, कवल्याला "मिकी माऊस" म्हणणं कधी थांबणार? पिवळं फूल, दोन लाल ठिपके, आजवर कवला होता. आता गाईडसुद्धा मिकी माऊसच सांगतात. लाज वाटते.

तेरडा_सातारी
पोरांना त्यानं लक्षात राहतं हो. आणि पठारावरच्याच वायतुरा फुलातला "वाय" कुठला, ज्ञानेश्वरांचा का? तुरा दोन फाट्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणून वायतुरा. ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे त्याला तुम्ही इंग्रजी अक्षर चिकटवलेलं चालतं!

लेन्स_आणि_लाल_डबा
हे माहीत नव्हतं. तरी मिकी माऊस नाहीच म्हणणार.

मेढ्याची_लेक
तिकीट, पाट्या सगळं राहू द्या. फुलं कमी झाली ती जाळीनं. पठाराला तारेची जाळी मारली आणि गुरं बाहेर ठेवली, तिथंच बिघडलं. माझं आजोळ त्याच पट्ट्यात. आजी सड्यावर, म्हणजे याच पठारावर, गुरं न्यायची, डोक्यावर इरलं, कमरेला विळा. गुरं गवत खायची, फुलांना उजेड मिळायचा. जाळीच्या आत गवत कमरेएवढं वाढलं, मग नखाएवढी फुलं दिसणार कुठून? गव्यांचीही वाट अडली. शेवटी जाळी काढावीच लागली ना? एवढी वर्षं गावातली म्हातारी माणसं हेच सांगत होती.

जांभ्यावरचा_शेवाळ
ताई, आदर ठेवून सांगतो, हे अर्धंच खरं. ही झाडं जगतात ती जमीन निकस आहे म्हणून. शेण म्हणजे नत्र. नत्र वाढलं की गवत आणि तण माजतं, आसवं आणि दवबिंदूसारखी किडे खाणारी झाडं मागे पडतात. चार गुरं चरली तर फायदा होईलही, शंभर घातलीत तर खुरांनी चिखल होईल. आजीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

मेढ्याची_लेक
आजीवर जायचं नाही. तिनं पन्नास पावसाळे त्या सड्यावर काढले, तुम्ही किती काढलेत? तुमचं नत्राचं पुस्तक गुरांना वाचून दाखवा, म्हणजे ती बघून शेण टाकतील.

जांभ्यावरचा_शेवाळ
एकोणीस. दर आठवड्याला, जळवांसकट.

मेढ्याची_लेक
बरं, एकोणीस. मग त्यात जाळीआधीची किती?

जांभ्यावरचा_शेवाळ
...सात-आठ. आणि हो, तेव्हा तेरड्याचा गुलाबी पट्टा रस्त्यापर्यंत यायचा. पण त्या वर्षांत गाड्याही इतक्या नव्हत्या. सगळं गुरांच्या नावावर जमा करू नका.

शनिवारचा_भटक्या
मी 150 रुपयांचं विचारलं होतं. शेणाचं नाही.

कारवी_सातवं_वर्ष
गाड्यांचा मुद्दा कुणी पुढे नेत नाही म्हणून बोलतो. 2012 ला पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. झुंबड फक्त कासला का? कारण सातारा-बामणोली रस्ता पठार चिरत जातो. दार उघडलं की पाय फुलात. तिकीट 150 ठेवा नाहीतर 1500, रविवारी यवतेश्वरचा घाट तुंबणारच. माझ्या बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड त्या रांगेत अडकलं होतं, मुहूर्त टळला. गुरुजी फोनवर मंगलाष्टकं म्हणायला तयार झाले होते.

तेरडा_सातारी
दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आहे की.

कारवी_सातवं_वर्ष
ती आत जाणाऱ्यांना. रस्त्याच्या कडेला गाडी लावून कणीस खात "कास बघितलं" म्हणणाऱ्यांना कोण मोजतं?

मेढ्याची_लेक
कणसावर घसरू नका. कणीस विकणारी आमचीच माणसं आहेत. तिकिटाच्या पैशातून कास, एकीव, कुसुंबी, आटाळीची पोरं हंगामभर फाटकावर, गाडीतळावर उभी राहतात, कचरा उचलतात. गुरं बंद केलीत, कारवी तोडणं बंद केलंत. आजीच्या घराचे कुड कारवीच्या काठ्यांचे होते, वर शेणमातीचं लिंपण. आता फुलंही फुकट बघायची? 150 राहू देत.

शनिवारचा_भटक्या
हे पैसे गावातल्या पोरांना मिळतात हे पावतीवर लिहिलं असतं तर मी ती पोस्टच टाकली नसती. टाकली असती, पण निम्मी. घाट मात्र जीवघेणा आहे, ते मागे घेणार नाही.

जांभ्यावरचा_शेवाळ
ताई, एक सुचवतो. एका तुकड्यात गुरं सोडा, शेजारचा मोकळा ठेवा, पाच पावसाळे मोजा. मी हरलो तर तुमच्या गावात येऊन शेण काढीन.

मेढ्याची_लेक
मोजा खुशाल. शेण मात्र आजपासूनच काढायला या, गोठा रिकामा नाही.

शनिवारचा_भटक्या
भांडण संपलं असेल तर कुणी सांगेल का, कुमुदिनी तळ्याला कधी जाऊ? आईला फोटो दाखवायचाय.

तेरडा_सातारी
सप्टेंबरात, मधल्या वारी, सकाळी लवकर. पाऊस असणारच. तळ्याच्या काठाला चिखल असतो, लांबूनच झूम करा. आणि कमळ म्हणून पोस्ट टाकू नका.